बेसबॉलचे परदेशी सामने: दोन दिवसांचा खेळ, तीन आठवड्यांचं मैदान

उजवा_कोपरा | सोमवार, सकाळी ९:१०

मार्च २०२५ मध्ये टोकियो डोमला लॉस एंजेलिस डॉजर्स आणि शिकागो कब्स या अमेरिकी संघांचे हंगामातले पहिले दोन सामने झाले (डॉजर्स ४-१ आणि ६-३). पहिला सामना जपानमध्ये टीव्हीवर सरासरी अडीच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. तेव्हापासून इथल्या वेगवेगळ्या धाग्यांवर एकच प्रश्न येतोय: एमएलबी (अमेरिकेची मुख्य व्यावसायिक बेसबॉल लीग) हे सामने बाहेर नेते म्हणजे नक्की काय करते, आणि त्याने खेळ खरंच वाढतो का? सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिका आणि कॅनडाबाहेर गुणतक्त्यात मोजले गेलेले पहिले सामने १६ ते १८ ऑगस्ट १९९६ ला मेक्सिकोत मॉन्टेरे इथे झाले, सॅन डिएगो पॅड्रेस विरुद्ध मेट्स. सॅन डिएगोत तेव्हा रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन होतं म्हणून ती मालिका तिकडे हलवली गेली. पहिल्या सामन्यात पिचर (चेंडू फेकणारा) होता फर्नांडो व्हॅलेन्झुएला, मेक्सिकोचा लाडका. हंगामाची सुरुवातच बाहेर करण्याचा पहिला प्रसंगही मॉन्टेरेचाच, ४ एप्रिल १९९९, रॉकीज विरुद्ध पॅड्रेस. पुढे २००० ला टोकियो, २००१ ला सॅन हुआन, २०१४ ला सिडनी, २०१९ ला लंडन, २०२३ ला मेक्सिको सिटी, २०२४ ला सोल.

भारतातून बघणाऱ्यांसाठी: टोकियोत संध्याकाळी ७:१० चा सामना म्हणजे आपल्याकडे दुपारी ३:४०. लंडनचा संध्याकाळी ६:१० चा म्हणजे रात्री १०:४०.

मला सगळ्यात जास्त उत्सुकता मैदानाची आहे. फुटबॉलच्या किंवा क्रिकेटच्या मैदानाचं बेसबॉलचं मैदान करतात कसं? ज्यांना पक्की माहिती आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं.

माती_आणि_गवत | सोमवार, सकाळी ११:३५

मैदानापासूनच सुरू करतो, कारण या सामन्यांचं सगळ्यात अवघड काम तेच आहे आणि त्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं.

पहिल्यांदा आखणी. होम प्लेटचं (बॅटरजवळची पंचकोनी पट्टी, धाव इथून सुरू होते आणि तीन बेसना शिवून इथेच संपते) मागचं टोक हा शून्य बिंदू. तिथून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत ३८.८० मीटर सरळ रेषा टाकायची. मग होम प्लेटपासून २७.४३ मीटर (९० फूट) आणि दुसऱ्या बेसपासून २७.४३ मीटर अशा दोन टेप ताणल्या की त्या जिथे छेदतात तिथे एका बाजूला पहिला बेस आणि दुसऱ्या बाजूला तिसरा. काटकोन वेगळा मोजावा लागत नाही, तो आपोआप येतो. पिचर ज्या पांढऱ्या रबरी पट्टीवर पाय ठेवतो तिची पुढची कड होम प्लेटच्या मागच्या टोकापासून १८.४४ मीटरवर. महाराष्ट्रात बरेच जण या खेळाकडे शाळेच्या सॉफ्टबॉलमधून येतात, त्यांनी लक्षात ठेवा: सॉफ्टबॉलचे बेस १८.२९ मीटरवर असतात आणि तिथे माउंड नसतो. इथे खरी मेख माउंडमध्येच आहे.

माउंड म्हणजे १८ फूट व्यासाचा मातीचा उंचवटा. त्याचं केंद्र होम प्लेटपासून ५९ फुटांवर, म्हणजे पट्टी केंद्राच्या दीड फूट मागे येते. पट्टीची उंची होम प्लेटपेक्षा बरोबर १० इंच. तिच्याभोवती ५ फूट रुंद आणि ३४ इंच लांब सपाट जागा. पट्टीच्या पुढे ६ इंच सोडले की उतार सुरू होतो, दर फुटाला एक इंच, निदान सहा फूट तरी तसाच एकसारखा. ठोकळ हिशोबाने एका माउंडला तीन घनमीटरच्या आसपास माती लागते. आणि माउंड एक नसतो! दोन्ही संघांच्या बुलपेनमध्ये (पिचर हात गरम करतात ती जागा) सरावाचे माउंड असतात, तेही त्याच मातीचे, त्याच उताराचे हवेत. बुलपेनमध्ये एका उतारावर हात गरम करून आलेला पिचर वेगळ्या उतारावर उभा राहिला की पहिले आठ-दहा चेंडू उंच किंवा खाली जातात.

माती कशी लागते? दोन जाती. बेसभोवतीच्या तपकिरी भागात वाळू निम्म्याहून जास्त, उरलेली गाळ आणि चिकणमाती. धावणाऱ्याला घसरता आलं पाहिजे आणि चेंडूची उसळी सारखी राहिली पाहिजे म्हणून. माउंड आणि होम प्लेटच्या आसपास मात्र खूप जास्त चिकणमाती, कारण दीडशे वेळा एकाच ठिकाणी पाय आपटायचा असतो. ही माती एकदम ओतून चालत नाही. इंच-इंच थर, प्रत्येक थर ओलसर करून ठोकायचा, वरचा थर टाकण्याआधी खालचा थर ओरखडायचा. ओरखडलं नाही तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या डावात पिचरच्या पुढच्या पायाखालून ताटलीएवढा तुकडा सुटून येतो. कोरडी माती भुसभुशीत होऊन खड्डा पडतो, जास्त ओली असली तर बुटाचे खिळे अडकतात. दोन्हीत गुडघा आणि घोटा धोक्यात.

म्हणूनच ही माती अमेरिकेतून जहाजाने नेतात. २०१४ ला सिडनी क्रिकेट ग्राउंडसाठी आणि नंतर लंडनसाठीही. स्थानिक माती वाईट म्हणून नव्हे. पिचरच्या पायाला जी सवय आहे ती दोन दिवसांसाठी बदलण्यात कोणालाच जोखीम घ्यायची नसते.

डावखुरी | सोमवार, दुपारी १:०२

माती_आणि_गवत, फार उपयोगी प्रतिसाद. त्यात जपानची भर घालते.

जपानमधले माउंड परंपरेने मऊ असायचे. तिथले बरेच पिचर लांब पाऊल टाकतात, गुडघा जवळजवळ जमिनीला लागतो, त्यांना मऊ माती मानवते. अमेरिकेत गेल्यावर त्यांची पहिली तक्रार कडक माउंडची असते. टोकियोतल्या एमएलबी सामन्यांना माउंड अमेरिकी पद्धतीचा लागतो, आणि त्याआधी दोन्ही संघ जपानी संघांशी सराव सामने खेळतात त्यामागे हेही एक कारण आहे: मैदान अंगवळणी पडतं. (२०२५ ला हानशिन टायगर्सने डॉजर्स आणि कब्स दोघांनाही ३-० असं हरवलं. सराव सामना म्हणून कोणी हलक्यात घेतलं असेल तर तो स्कोअर बघावा.)

दुसरं म्हणजे चेंडू. जपानी व्यावसायिक लीगचा चेंडू मिझुनोचा, २०११ पासून सगळीकडे एकच. तो किंचित लहान लागतो आणि चामड्याला हाताला धरणारा चिकटपणा असतो. एमएलबीचा चेंडू रॉलिंग्जचा, कोस्टा रिकात शिवला जातो. घेर ९ ते ९.२५ इंच, वजन १४२ ते १४९ ग्रॅम. तो नवा असताना बराच गुळगुळीत असतो, म्हणून प्रत्येक चेंडूला सामन्याआधी न्यू जर्सीकडच्या नदीकाठचा खास गाळ चोळतात. एका सामन्याला शंभरावर चेंडू सहज लागतात. हे सगळे चोळून, एकसारखे कोरडे करून तयार ठेवायचे असतात. जास्त गाळ लागला तर चेंडू काळपट होतो आणि बॅटरला दिसत नाही, कमी लागला तर पिचरच्या बोटातून सुटतो. परदेशी सामन्यात चेंडू, गाळ, तो चोळणारा अनुभवी माणूस, तिन्ही बरोबर न्यावे लागतात.

कोथरूडचा_शॉर्टस्टॉप | सोमवार, दुपारी २:४८

लंडनबद्दल कोणी लिहील का? २०१९ चा यँकीज-रेड सॉक्सचा १७-१३ हा स्कोअर मैदानामुळे झाला असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का?

माती_आणि_गवत | सोमवार, संध्याकाळी ६:२०

बराचसा खरा, पण पूर्ण नाही.

लंडन स्टेडियम मुळात २०१२ च्या ऑलिंपिकचं, आता तिथे वेस्ट हॅमचा फुटबॉल संघ खेळतो. खाली धावण्याचा ट्रॅक आहे. साधारण तीन आठवड्यांत सगळं झाकून त्यावर पाया, मग फ्रान्सहून आणलेली कृत्रिम हिरवळ, मग माती अशी रचना उभी केली. आकार लांबट असल्याने मधल्या कुंपणाला जागाच पुरली नाही. होम प्लेटपासून कोपऱ्यांना ३३० फूट मिळाले, मध्यभागी फक्त ३८५, म्हणून तिथे १६ फूट उंच भिंत उभारली. जून १९५८ नंतर बांधलेल्या मैदानांना नियम सांगतो कोपऱ्याला किमान ३२५ आणि मध्यभागी किमान ४०० फूट. म्हणजे कोपरे नियमात, मध्य सवलतीवर.

पण पहिल्या डावात काय झालं ते आठवा. दोन्ही संघांनी सहा-सहा धावा केल्या, यँकीजचा पिचर तनाका आणि रेड सॉक्सचा पोर्सेलो दोघांनाही पहिला डाव पूर्ण करता आला नाही, आणि हा एकच डाव जवळजवळ तासभर चालला. सामना नऊ डावांतच संपला तरी ४ तास ४२ मिनिटं लागली. सगळे फटके काही भिंतीवरून गेले नव्हते. त्या शनिवारी लंडनला कडक ऊन होतं, गरम हवा विरळ असते, चेंडू लांब जातो. नवीन कृत्रिम हिरवळ टणक असते, जमिनीवरचा फटका क्षेत्ररक्षकाच्या हाताआधी निघून जातो. त्यात फाऊल रेषेबाहेरची (होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या सीमारेषांबाहेरची) जागा प्रचंड, म्हणजे तिकडे गेलेला चेंडू परत यायला वेळ, धावणाऱ्याला एक बेस फुकट.

आता त्याच स्टेडियममधले नंतरचे निकाल बघा. २०२३, कब्स-कार्डिनल्स: ९-१ आणि ७-५. २०२४, मेट्स-फिलीज: ७-२ आणि ६-५. दरम्यान मधलं अंतर थोडं वाढवलं होतं. नुसत्या मैदानाला दोष दिला तर हे चार सामने समजावता येत नाहीत. २०१९ मध्ये पिचरही वाईट फेकले, हे मान्य करावं लागेल.

हवामान_७२ | सोमवार, रात्री ९:१५

विरळ हवेचा विषय निघालाच आहे तर मेक्सिको सिटी घ्या, तिथे खरा परिणाम दिसतो.

आल्फ्रेडो आर्प एलू स्टेडियम समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. डेन्व्हर, जिथे रॉकीज खेळतात आणि जे एमएलबीमधलं सगळ्यात उंच मैदान, ते साधारण १,६०० मीटरवर. मेक्सिको सिटीतल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत पाचव्या हिश्शाने, उष्ण दिवशी त्याहून थोडी जास्तच, कमी असते. त्याचे दोन वेगळे परिणाम होतात आणि लोक दुसरा विसरतात.

पहिला सगळ्यांना माहीत आहे: हवेचा रोध कमी, फटका लांब. २९ एप्रिल २०२३ ला पॅड्रेसने जायंट्सना १६-११ हरवलं, दोन्ही संघांचे मिळून ११ होम रन (कुंपणापार गेलेले फटके).

दुसरा परिणाम चेंडूच्या वळणावर. फिरणारा चेंडू वळतो तो हवेला ढकलून. हवाच कमी तर ढकलायचं कशाला? वळण घनतेच्या प्रमाणात घटतं. मुंबईच्या पातळीवर फिरकीमुळे ४० सेंटीमीटर वळणारा कर्व्हबॉल तिथे ३१-३२ सेंटीमीटर वळेल. त्याच कारणाने सरळ वेगवान चेंडूला मिळणारी उचलही कमी होते, तो नेहमीपेक्षा खाली येतो. म्हणजे पिचरचा हात जे शिकलेला असतो ते सगळंच आठ-दहा सेंटीमीटरने चुकतं. एका बॅटच्या जाडीपेक्षा ही चूक जास्त आहे. अशा ठिकाणी वळणावर जगणाऱ्या पिचरपेक्षा वेग बदलून फसवणारा पिचर नेणं शहाणपणाचं, कारण चेंज-अपचा मुख्य भाग वेगातला फरक असतो आणि त्याला हवा लागत नाही.

कोरड्या हवेत चामडं टणक आणि निसरडं होतं हा तिसरा त्रास. डेन्व्हरला त्यासाठी २००२ पासून चेंडू दमट कपाटात ठेवतात, २०२२ पासून तिसही मैदानांवर अशी कपाटं आहेत.

तरीही प्रत्येक सामना धावांचा पूर नसतो. पॅड्रेस-जायंट्सचाच दुसरा सामना ६-४ असा संपला. २०२४ ला अ‍ॅस्ट्रोजने रॉकीजना १२-४ आणि ८-२ हरवलं.

आणि टोकियो डोमबद्दल एक गैरसमज. त्याचं छत हवेच्या दाबावर तोललेलं आहे म्हणून आत चेंडू वेगळा उडतो असं म्हणतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा फक्त ०.३ टक्के जास्त असतो. तेवढ्याने फटक्यात मोजण्याजोगा फरक पडत नाही. तिथे होम रन होतात कारण कोपऱ्यांना १०० आणि मध्यभागी १२२ मीटर असले तरी मधल्या तिरक्या बाजूंना कुंपण फारसं बाहेर फुगत नाही.

उजवा_कोपरा | मंगळवार, सकाळी ८:३०

हवामान_७२, वळणाचा हिशोब इतका सोपा करून कुठे वाचला नव्हता. धन्यवाद.

आता वेळापत्रकाकडे येऊ या. १६२ सामन्यांच्या हंगामात हे बसवतात कसं?

टोकियो_पहाट | मंगळवार, सकाळी १०:५०

दोन साचे आहेत.

आशिया आणि ऑस्ट्रेलिया: हंगामाच्या आधी जायचं, दोन सामने खेळायचे, परत येऊन सुमारे आठवडाभर थांबायचं. सोल २० आणि २१ मार्च २०२४, बाकी लीग सुरू झाली २८ मार्चला. टोकियो १८ आणि १९ मार्च २०२५, बाकी लीग २७ ला. लंडन आणि मेक्सिको सिटी: हंगामाच्या मध्ये, शनिवार-रविवार. लंडन २०१९ ला यँकीज आणि रेड सॉक्स दोघांनाही आधी गुरुवार-शुक्रवार मोकळा आणि नंतर सोमवार.

पहिल्या साच्यात सगळ्यात जास्त ताण पिचरच्या हातावर येतो. एरवी फेब्रुवारीच्या मध्यात सराव सुरू होतो आणि हंगाम उघडेपर्यंत मुख्य पिचर पाच-सहा सराव सामन्यांत टप्प्याटप्प्याने ८५-९० चेंडूंपर्यंत पोचतो. दहा दिवस आधी हंगाम सुरू झाला की दोन टप्पे कापले जातात. म्हणून टोकियोत कब्सचा पिचर शोता इमानागाने चार डावांत एकही हिट (बॅटरला बेसवर पोचवणारा फटका) दिली नव्हती तरी ६९ चेंडूंनंतर त्याला काढलं. बाहेरून बघणाऱ्याला तो निर्णय विचित्र वाटतो. दौऱ्याआधीच ठरलेली मर्यादा पाळली जात होती.

उतारा म्हणून संघ मोठा नेतात. नेहमीच्या २६ ऐवजी ३१ खेळाडू जातात, प्रत्येक सामन्यासाठी २६ निवडायचे. लंडन आणि मेक्सिकोला एक जास्त, २७ वा. सगळे जादा खेळाडू सहसा पिचर असतात, पण एक जादा कॅचर (होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा) नेणाऱ्या संघाचं मी कौतुक करेन. डॉजर्सचा मूकी बेट्स टोकियोला पोचला आणि पोटाच्या आजाराने एकही सामना न खेळता परत पाठवावा लागला. तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) होता म्हणून निभावलं. असं एकुलत्या एका बदली कॅचरला झालं तर?

झोपेचं सांगते. २०१७ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एमएलबीचे २० हंगाम, ४६ हजारांहून जास्त सामने तपासले. पूर्वेकडे प्रवास केल्यावर परिणाम जास्त दिसला, आणि पिचरनी जास्त होम रन दिले. घड्याळ पुढे ओढणं शरीराला जड जातं. लॉस एंजेलिसहून टोकियोला जाताना माणूस पश्चिमेला जातो, ते त्यातल्या त्यात बरं. परतीचा प्रवास पूर्वेचा. म्हणजे खरा फटका परत आल्यावर बसतो, आणि त्या आठवड्याच्या सुट्टीचा उपयोग तिथेच होतो.

कोथरूडचा_शॉर्टस्टॉप | मंगळवार, दुपारी १२:१५

सिडनीहून आल्यावर डॉजर्सचा पिचर कर्शॉ जायबंदी झाला होता ना? तो याच कारणाने?

टोकियो_पहाट | मंगळवार, दुपारी १२:४०

२२ मार्च २०१४ ला तो सिडनीत पहिला सामना खेळला, डॉजर्स ३-१ ने जिंकले. मग पाठीच्या वरच्या बाजूचा स्नायू दुखावला आणि तो ६ मे ला परतला. लवकर सुरुवात, लांब विमानप्रवास, हे संशयित आहेतच. पण एका खेळाडूच्या एका दुखापतीवरून कारण ठरवता येत नाही. त्याच हंगामात त्याने २१ सामने जिंकले, ३ हरला, साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही पुरस्कार घेतले. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरलं जातं, म्हणून जपून वापरावं.

जमाखर्च | मंगळवार, दुपारी ३:३०

पैशाची बाजू कोणी लिहिली नाही, ती लिहितो. कारण शेवटी सामना होतो की नाही हे तिथेच ठरतं.

प्रत्येक संघाचे ८१ सामने घरी असतात. परदेशी सामन्यात एकाला कागदावर यजमान व्हावं लागतं. लंडन २०१९ ला दोन्ही दिवस यजमान रेड सॉक्स होते, टोकियो २०२५ ला कब्स. म्हणजे फेनवेचे (रेड सॉक्सचं मैदान) किंवा रिगलीचे (कब्सचं मैदान) दोन दिवस गेले: तिकिटं, पार्किंग, खाणं, सगळं. ती भरपाई लीगला करावी लागते. तिकडच्या शहरात स्टेडियमचं भाडं, मैदानाचा कायापालट आणि नंतर पूर्ववत करणं हा खर्च वेगळा. तो उचलायला स्थानिक आयोजक लागतो आणि त्याने तो तिकिटांतून वसूल करायचा. २०२५ साठी पॅरिस ठरवलं होतं, असा आयोजक मिळाला नाही आणि बेत सोडावा लागला. लंडनला पहिल्या दिवशी ५९,६५९ प्रेक्षक होते म्हणून गणित जमलं. टोकियो डोमला तर कायापालटाचा खर्च जवळजवळ नाहीच, ते बेसबॉलचंच मैदान.

तिसरा पक्ष खेळाडूंची संघटना. तिच्या संमतीशिवाय दौरा होत नाही आणि खेळाडूंना वेगळा मोबदला मिळतो. २००८ ला टोकियोला निघण्याच्या दिवशी रेड सॉक्सच्या खेळाडूंनी सराव सामन्यासाठी मैदानात उतरायला नकार दिला होता, कारण प्रशिक्षक आणि सहायकांना ४० हजार डॉलरचा मोबदला मिळणार नाही असं कळलं होतं. तो मान्य झाल्यावरच सामना सुरू झाला. आपल्या बरोबरच्या माणसांसाठी उभं राहणं असंच असतं, मला तो प्रसंग फार आवडतो.

आणि अतिरेक झाला की काय होतं तेही बघा. मॉन्ट्रियल एक्स्पोजने २००३ आणि २००४ मध्ये प्रत्येकी वीसहून जास्त ‘घरचे’ सामने पोर्तो रिकोत सॅन हुआनला खेळले. खेळाडूंना घर असं राहिलंच नाही. २००५ ला संघ वॉशिंग्टनला गेला.

डावखुरी | मंगळवार, रात्री ८:०५

मूळ प्रश्नाकडे येते: खेळ वाढतो का?

माझं ठाम मत आहे की दोन सामन्यांनी खेळ वाढत नाही. तिथे आधी काय आहे आणि नंतर काय उरतं, त्यावर सगळं अवलंबून.

१९३४ घ्या. बेब रूथचा अमेरिकी संघ जपानला गेला. २० नोव्हेंबरला शिझुओकात १७ वर्षांच्या जपानी पिचर एइजी सावामुराने गेरिंगर, रूथ, गेरिग आणि फॉक्स यांना ओळीने बाद केलं. गेरिगच्या एकमेव होम रनने जपानी संघ १-० हरला. पण शाळा-कॉलेजांतून बेसबॉल तिथे आधीच रुजलेला होता. आणि डिसेंबरमध्ये त्याच जपानी संघातून व्यावसायिक क्लब उभा राहिला, आजचा योमिउरी जायंट्स. दौऱ्याने ठिणगी दिली, सरपण तिथलंच होतं.

उलट १८८८-८९ ला स्पॉल्डिंगने अमेरिकी संघ घेऊन केलेली जगभ्रमंती बघा. ऑस्ट्रेलिया, कोलंबो, पिरॅमिडची सावली, इटली, फ्रान्स, इंग्लंड. सगळीकडे लोकांनी कुतूहलाने पाहिलं आणि विसरून गेले. १९१४ ला लंडनमध्ये राजा पाचव्या जॉर्जसमोर सामना झाला, त्यानेही इंग्लंडमध्ये काही बदललं नाही.

सिडनीचं मला वाईट वाटतं. २०१४ ला दोन दिवस ३८-३८ हजार लोक आले. ऑस्ट्रेलियन लीगमध्ये तेव्हा एमएलबीचा ७५ टक्के वाटा होता. २०१६ ला एमएलबी त्यातून बाहेर पडली. सामने नेले आणि दोन वर्षांत लीग सोडली, हा क्रम उलटा हवा होता.

जमाखर्च | मंगळवार, रात्री ९:४०

डावखुरी, बहुतेक मान्य. पण मेक्सिकोला सरपण होतं, कोरियालाही होतं, मग तिथे सामने नेणं म्हणजे पिकलेल्या शेतात पेरणी, असा उलटा आक्षेप येतो. माझ्या मते तिथला हेतू वेगळा: लोक त्यांची स्वतःची लीग बघतातच, त्यांनी एमएलबीही बघावी. टोकियोत ओहतानी, यामामोतो, सासाकी, इमानागा, सुझुकी असे पाच जपानी खेळाडू दोन संघांत होते. ती निवड टीव्हीसाठी होती आणि ती बरोबर ठरली. त्याला खेळाचा प्रसार म्हणू नये, बाजारपेठ म्हणावं, एवढंच.

चीनचा मार्ग मला जास्त पटतो. २००८ ला बीजिंगला डॉजर्स-पॅड्रेस प्रदर्शनीय सामने झाले, आणि २००९ पासून वूशीला मुलांसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्यातून तयार झालेल्या शू ग्वेयुआनला २०१५ ला एमएलबीच्या ओरिओल्स संघाने करारबद्ध केलं. एकच खेळाडू, पण रस्ता पूर्ण दिसतो.

घाटावरचा | बुधवार, सकाळी ७:५५

मग आपल्याकडे? एमएलबीने २०१९ मध्ये दिल्लीत कार्यालय उघडलं. त्याआधी २००८ च्या पिचिंग स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल एमएलबीच्या पायरेट्स संघाकडे गेले. दुबईच्या बेसबॉल युनायटेड लीगमध्ये मुंबई कोब्राज नावाचा संघ नोव्हेंबर २०२५ मध्ये खेळलाही, पण दुबईतच. समजा उद्या असे सामने मुंबईत किंवा पुण्यात आणायचे ठरले, तर क्रिकेटच्या मैदानात हे बसेल का? माती_आणि_गवत यांनी हिशोब करून दाखवावा ही विनंती.

माती_आणि_गवत | बुधवार, दुपारी १:२५

घाटावरचा, हिशोब शाळेच्या भूमितीचा आहे, स्वतः करून बघता येईल.

वर्तुळाकार मैदान धरा, मध्यापासून कुंपणापर्यंत ७५ मीटर. होम प्लेट कुंपणापासून १८ मीटर आत, कारण कॅचरच्या मागे साधारण ६० फूट मोकळी जागा हवी. म्हणजे होम प्लेट वर्तुळाच्या मध्यापासून ५७ मीटरवर. आता फाऊल रेषा दोन्ही बाजूंना ४५ अंशांत १०० मीटर टाकल्या तर त्यांची टोकं मध्यापासून ७२ मीटरवर येतात. बसलं. समोर १२२ मीटरवरचं मधलं कुंपण मध्यापासून ६५ मीटरवर, तेही बसलं, मागे दहा मीटर उरले, तिथे बुलपेन.

आता हेच ६५ मीटरच्या मैदानावर करा. फाऊल रेषा ८९ मीटरवर कुंपणाला धडकते, मध्य ११२ मीटरवर. नियमाचं किमान ९९ आणि १२२. नाही बसत, दोरी काढून मागची पट्टी घेतली तरी अवघड. आयसीसीच्या नियमात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून ६५ ते ९० यार्ड चालते, म्हणजे ५९ ते ८२ मीटर. त्यामुळे ‘क्रिकेटचं मैदान चालेल का’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, टेप घेऊन मोजावं लागतं.

७५ मीटरवरही एक दोष उरतो. पहिल्या बेसपाशी फाऊल रेषेपासून कुंपण साडेतेहतीस मीटर लांब राहतं. बेसबॉलच्या मैदानात हे अंतर याच्या निम्म्याच्या आसपास असतं. एवढी जागा मोकळी सोडली तर एरवी प्रेक्षकांत जाणारे उंच फाऊल झेलले जातात, बॅटरवर अन्याय होतो आणि प्रेक्षक खेळापासून लांब बसतात. उपाय तात्पुरत्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना, आणि त्यांच्यापुढे पूर्ण उंचीची जाळी. त्या खुर्च्याच सगळ्यात महाग विकल्या जातात.

खेळपट्ट्यांचा चौक कुठे येतो? होम प्लेटपासून साधारण ४३ ते ७० मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे दुसऱ्या बेसच्या मागे आणि सेंटर फील्डच्या पुढच्या भागात. तपकिरी मातीची कमान होम प्लेटपासून ४७ मीटरपर्यंत येते, म्हणजे चौकाची कड तिच्याखाली सापडते. तो चौक रोलरने दाबून दगडासारखा केलेला असतो. तिथे टप्पा पडलेला चेंडू सेंटर फील्डरच्या डोक्यावरून जाईल. त्यावर हिरवळीचा जाड थर घालावा लागेल, आणि थराची कड आजूबाजूच्या गवताशी एक सेंटीमीटरसुद्धा वर-खाली नको. खेळपट्टीवर भार टाकणारी यंत्रं फिरवायची तर खाली फळ्या हव्यात, नाहीतर पुढचा क्रिकेट हंगाम गेला.

दिशेचं राहिलं. नियमपुस्तक सुचवतं की होम प्लेटकडून माउंडवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी, म्हणजे मावळतीचं ऊन बॅटरच्या पाठीशी राहतं आणि वेगाने येणारा चेंडू त्याला नीट दिसतो. मग ऊन उजव्या क्षेत्ररक्षकाच्या डोळ्यांत जातं. क्रिकेटच्या खेळपट्ट्या साधारण उत्तर-दक्षिण असतात, त्यामुळे साइट स्क्रीनची तयार जागा आपल्या कामाची नसते. सेंटर फील्डच्या मागे बॅटरच्या नजरेच्या रेषेत गडद, न चमकणारा पडदा नव्याने उभारावा लागतो आणि तिथल्या खुर्च्या विकता येत नाहीत. प्रकाशझोतात सामना असेल तर दिशेचं बंधन सैल होतं. मात्र लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे तिथे ६:१० चा सामनाही मुख्यतः उन्हातच झाला. मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेसातला सुरू केलं तर दिशा कोणतीही घ्या, फक्त साडेआठपासून हिरवळीवर दव उतरायला लागतं. ओला चेंडू कॅचरच्या हातून निसटतो, आणि दर फाऊलमागे नवा चेंडू द्यावा लागतो. शंभर चेंडूंच्या जागी दीडशे चोळून ठेवा.